आश्रय मिळाला, पण राहायचं कुठे?

ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या माणसाचा अर्ज मंजूर झाला की त्याची सरकारी खोली आणि दर आठवड्याचे पैसे बंद व्हायची मुदत सुरू होते. रूढ मुदत २८ दिवसांची. डिसेंबर २०२४ मध्ये ती प्रायोगिक म्हणून ५६ दिवस केली होती, पण सप्टेंबर २०२५ पासून एकट्या प्रौढ माणसांसाठी पुन्हा २८ वर आली. आता या माणसाला इथल्या नागरिकांसारखा सरकारी भत्ता, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, मागता येतो. त्याचा पहिला हप्ता अर्ज केल्यापासून साधारण पाच आठवड्यांनी मिळतो. म्हणजे ३५ दिवसांनी. खोली जाते अठ्ठाविसाव्या दिवशी, पैसे येतात पस्तिसाव्या दिवशी, आणि तेही अर्ज पहिल्याच दिवशी बिनचूक भरला असेल तर.

हा सापळा कुणी ठरवून लावलेला नाही. एक नियम गृहखात्याचा, दुसरा भत्ते देणाऱ्या खात्याचा, आणि दोघांचा मेळ बसत नाही. पण त्यामुळे होतं असं, की वर्षभर ताटकळून ज्याला ‘तुझा जीव खरोखरच धोक्यात होता, इथे राहा’ असं सरकारने लेखी कळवलं, तोच महिन्याभरात बेघर होऊ शकतो.

निर्वासितांच्या स्वागताचं काम म्हटलं की डोळ्यांसमोर स्टेशनवरचे फलक, फुलं, टाळ्या येतात. ते घडतंही, आणि त्याला किंमत नाही असं नाही. पण गावोगावच्या छोट्या संस्था, चर्चची मंडळं, मशिदींच्या समित्या, शाळांचे पालकगट जे रोज करतात ते बहुतांशी दोन नियमांमधल्या फटी बुजवण्याचं काम आहे. ते नीट कळायला आधी सरकारी यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते.

सगळ्याच्या मुळाशी आहे १९५१ चा जिनिव्हा करार. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचपैकी एखाद्या कारणावरून छळ होण्याची साधार भीती असल्यामुळे जो आपल्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. मूळ करार मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपसाठी होता. १९६७ च्या पूरक कराराने काळाची आणि प्रदेशाची अट काढून टाकली. ज्याचा अर्ज अजून तपासला जातोय तो आश्रयार्थी. माणूस तोच, गोष्टही तीच, फक्त निकाल लागायचा आहे. मात्र त्या निकालाआधी आणि निकालानंतर त्याला काय मिळतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ अखेर जगात सुमारे १२.३ कोटी माणसं युद्ध, छळ, हिंसा यांमुळे घर सोडून राहत होती. त्यातले निम्म्याहून जास्त आपल्याच देशात विस्थापित होते. सीमा ओलांडलेल्यांपैकी बहुतेक शेजारच्याच देशात थांबतात, आणि सुमारे ७३ टक्के लोकांना गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांनी सांभाळलंय. ब्रिटनसारख्या देशात पोहोचतात ते थोडे. त्यांच्याबद्दल आरडाओरडा मात्र खूप होतो.

तर हा आश्रयार्थी ब्रिटनमध्ये पोहोचला आणि त्याने अर्ज केला. जवळ पैसे नसतील तर गृहखातं त्याला राहायला जागा देतं. कुठे, हे तो ठरवू शकत नाही. सन २००० पासूनचं धोरण असं आहे की लंडनवर भार नको म्हणून लोकांना देशभर पांगवायचं. व्यवहारात ते जातात जिथे घरं स्वस्त आहेत तिथे, आणि घरं स्वस्त असतात ती बहुधा जिथे कारखाने बंद पडलेत आणि दवाखान्यांत आधीच रांगा आहेत तिथे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्वतः शिजवून खायची सोय असेल तर माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड एका कार्डावर जमा होतात. जेवण मिळणाऱ्या हॉटेलात ठेवलं असेल तर दहा पौंडांहूनही कमी. नोकरी करायची परवानगी नाही. अर्ज बारा महिन्यांहून जास्त काळ रखडला आणि तो दोष अर्जदाराचा नसेल, तरच कामाची परवानगी मागता येते, तीही सरकारी यादीतल्या ठरावीक कामांपुरती. म्हणजे काल दवाखाना चालवणारी डॉक्टर किंवा दुकान सांभाळणारा माणूस महिनोन्‌महिने एका खोलीत बसून असतो. घरी फोन केला की तिकडचे विचारतात, काम लागलं का? त्याचं काय उत्तर द्यायचं?

स्थानिक लोकांचं काम इथून सुरू होतं, आणि ते बघायचं असेल तर आश्रयार्थींना मदत करणाऱ्या एखाद्या केंद्राचं आठवडी सत्र बघावं. चर्चचा किंवा समाजमंदिराचा हॉल, आठवड्यातून एक-दोन दिवस उघडा. एका कोपऱ्यात चहा, एकीकडे मुलांची खेळणी, एकीकडे इंग्रजी बोलायचा सराव. पण खरी गर्दी असते पत्रांच्या टेबलाशी. माणसं पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा काढतात, कधी फोडलेला, कधी भीतीने न फोडलेला. समोरची स्वयंसेविका एकेक पत्र वाचून तीन ढीग करते : आजच काहीतरी करायला हवं असं, जपून ठेवायचं, आणि फेकून दिलं तरी चालेल असं. पहिल्या ढिगात बहुतेक वेळा दोन-तीनच कागद असतात. दवाखान्याची वेळ, वकिलाचं पत्र, गृहखात्याने बोलावलेली मुलाखत. पिझ्झाच्या जाहिरातीला आणि गृहखात्याच्या नोटिशीला तितकंच घाबरणाऱ्या माणसाला त्या तीन ढिगांनी जो धीर येतो, तो भाषणांनी येत नाही.

हा धीर का महत्त्वाचा, तर तारखा चुकल्या की फार महागात पडतं. अर्ज नाकारला गेला तर देशातून अपील करायला साधारण १४ दिवस असतात. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, कुणी वाचलंच नाही, असं झालं की ते दिवस तसेच निघून जातात.

बाकीची कामं वरवर किरकोळ वाटतात. उदाहरणार्थ डॉक्टरकडे नाव नोंदवणं. इंग्लंडमध्ये आश्रयार्थींना सरकारी आरोग्यसेवा फुकट आहे, आणि जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवायला ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा बंधनकारक नाही. पण स्वागतकक्षातल्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही. तो सहज म्हणून जातो, ‘पासपोर्ट आणा’. पासपोर्ट गृहखात्याकडे जमा. झालं, माणूस परत. सोबत कुणी स्थानिक असेल आणि तिने शांतपणे नियम दाखवला तर काम पाच मिनिटांत होतं. बसचंही तसंच. आठवड्याच्या ४९ पौंडांत लंडनमधल्या बसचा आठवड्याचा पास काढला तर जवळपास निम्मे पैसे त्यातच जातात. म्हणून ‘द बाइक प्रोजेक्ट’सारखी संस्था जुन्या सायकली दुरुस्त करून निर्वासितांना आणि आश्रयार्थींना देते. सायकल मिळाली की वर्ग, वकील, दवाखाना सगळं आवाक्यात येतं.

या कामात काय करू नये, हेही तितकंच ठरलेलं आहे. पहिली गोष्ट : कायद्याचा सल्ला द्यायचा नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना आश्रयाच्या किंवा व्हिसाच्या प्रकरणात सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘मुलाखतीत हे सांगू नकोस, ते सांग’ असं कळवळ्याने सांगणारी संस्थेची स्वयंसेविकाही त्यात येऊ शकते. पत्र वाचून दाखवा, वकील शोधून द्या, सोबत जा, तारीख लक्षात आणून द्या. सल्ला द्यायचं काम ज्याचं त्याला करू द्या. हा नियम काही स्वयंसेवकांना जाचक वाटतो. मला तो रास्त वाटतो, कारण अर्धवट माहितीवर दिलेल्या सल्ल्याची किंमत देणाऱ्याला मोजावी लागत नाही.

दुसरी गोष्ट : ‘तुझ्यावर काय प्रसंग आला?’ हे विचारायचं नाही. यामागे सभ्यता आहेच, पण आणखीही कारण आहे. आश्रयाचा सगळा डोलारा अर्जदाराच्या जबानीवर उभा असतो. गृहखात्याचा अधिकारी तासन्‌तास प्रश्न विचारतो आणि आधीच्या उत्तरांशी ताडून बघतो. तारखेत, क्रमात विसंगती सापडली की विश्वासार्हतेवर बोट ठेवलं जातं. ज्या माणसाला हेच पुन्हापुन्हा उगाळावं लागलंय, त्याला चहाच्या टेबलावर तरी फुटबॉलबद्दल बोलायची मुभा हवी. तो आपणहून सांगू लागला तर ऐकावं.

तिसरी गोष्ट दुभाष्याची. ‘तुमच्याच देशाचा माणूस आहे, तो सांगेल समजावून’ हा फार घातक शॉर्टकट. अफगाणिस्तानातल्या सगळ्यांची भाषा एक नसते. कुणाची दारी, कुणाची पश्तो. भाषा एक असली तरी दोघं विरुद्ध बाजूंचे असू शकतात. ज्या सरकारपासून पळून आला त्याच सरकारच्या बाजूचा माणूस समोर दुभाष्या म्हणून बसला तर कोण तोंड उघडेल? आणि घरातल्या मुलांना दुभाषी करणं त्याहून वाईट. आईच्या दुखण्याचं किंवा छळाचं वर्णन दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून डॉक्टरला ऐकवायचं, हे कुणालाच शोभत नाही. म्हणून चांगल्या संस्था फोनवरच्या व्यावसायिक दुभाष्यासाठी पैसे बाजूला ठेवतात, मग कपडेवाटप कमी झालं तरी चालेल. (कपड्यांचं म्हणाल तर बहुतेक केंद्रांना जुन्या कपड्यांचा पूर नको असतो. त्यांना हवे असतात नवे मोजे, अंतर्वस्त्रं आणि मोबाइलचे टॉप-अप.)

हे सगळं सुट्या सुट्या माणसांच्या भरवशावर चालायचं. त्याला शहराचं रूप दिलं ते शेफिल्डने. मेथडिस्ट धर्मगुरू इंदरजीत भोगल यांच्या पुढाकाराने २००५ साली तिथे ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ ही चळवळ सुरू झाली. भोगल स्वतः केनियातल्या शीख कुटुंबात जन्मले आणि लहानपणी ब्रिटनमध्ये आले. २००७ मध्ये शहराच्या काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, आणि अनेक स्थानिक संस्थांचा पाठिंबा घेऊन शेफिल्ड देशातलं पहिलं असं शहर झालं. पुढे शाळा, विद्यापीठं, वाचनालयं, नाट्यगृहं यांनाही हा मान मिळू लागला. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : निर्वासितांची परिस्थिती समजून घेतली, आपल्या रोजच्या कारभारात बदल केला, आणि ते इतरांपर्यंत पोहोचवलं.

दारावर पाटी लावून काय होतं, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. कधी कधी काहीच होत नाही. पण विद्यापीठाचं उदाहरण घ्या. आश्रयार्थी विद्यार्थ्याकडून सहसा परदेशी विद्यार्थ्याची फी घेतली जाते आणि सरकारी शैक्षणिक कर्ज त्याला मिळत नाही. म्हणजे शाळेत पहिला आलेला मुलगाही बारावीनंतर घरी. या चळवळीतल्या विद्यापीठांनी फीमाफीच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या, आणि काही मुलांपुरतं का होईना, बंद दार उघडलं. पाटीमागे पैसा आणि नियमातला बदल असेल तर तिला अर्थ आहे, एवढंच.

आता पुन्हा त्या मंजुरीच्या पत्राकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त हात इथे लागतात. एकट्या, धडधाकट, तिशीच्या आतल्या माणसाचं उदाहरण घ्या. भत्ता जमा व्हायला बँकेत खातं हवं. आश्रयार्थी असताना ते त्याच्याकडे बहुधा नव्हतं. खातं उघडायला ओळख हवी. ती ओळख आता डिजिटल, म्हणजे ईमेल, फोन आणि ऑनलाइन खातं हवं. त्यात नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख चुकलेली असेल तर ती दुरुस्त करून घेण्यात दिवस जातात. घर बघायला गेलं तर इंग्लंडमधला घरमालक कायद्याने राहण्याचा हक्क तपासतो, मग पहिल्या महिन्याचं भाडं, पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतचं डिपॉझिट आणि वर जामीन मागतो. पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला घरभाड्याचा भत्ता मिळतो तो सामाईक घरातल्या एका खोलीपुरताच. काउन्सिलकडे गेला तर तिथे मुलंबाळं असलेली कुटुंबं, गरोदर बाया, आजारी माणसं यांना आधी जागा, आणि ते योग्यच आहे. याला मिळतो सल्ला आणि घर कसं शोधायचं याचा एक कागदी आराखडा.

ही साखळी पाहिली की कळतं, मदत नेमकी कुठे करावी लागते. अनुभवी गट निकालाची वाट बघत नाहीत. अर्ज प्रलंबित असतानाच माणसाचा स्वतःचा ईमेल उघडून देतात, पासवर्ड कुठेतरी सुरक्षित लिहून ठेवायला लावतात, जन्मतारखा सगळ्या कागदांवर एकच आहेत ना ते बघतात. मंजुरी आली की त्याच दिवशी भत्त्याचा अर्ज. हातात पैसे नसतील तर आगाऊ रक्कम मागता येते, पण ते कर्ज आहे आणि पुढच्या हप्त्यांतून कापलं जातं, हे आधी समजावून सांगावं लागतं. काही संस्था डिपॉझिटसाठी बिनव्याजी पैसे देतात किंवा घरमालकाला हमी देतात. आणि तरीही जमलं नाही तर राहतो शेवटचा उपाय, कुणाच्या तरी घरातली रिकामी खोली. ‘रेफ्युजीज अ‍ॅट होम’ ही संस्था २०१५ पासून असे यजमान आणि पाहुणे जुळवून देते. यजमानाच्या घराची आणि माणसांची आधी पाहणी होते, किती दिवस ते ठरतं, आणि न जमल्यास फोन कुणाला करायचा हेही. परका माणूस घरात ठेवायचा म्हणजे किल्ली, बाथरूम, फ्रिजमधला कप्पा इथपर्यंत बोलून घेणं बरं. संकोचापोटी न बोललेल्या गोष्टींनीच घरात कुरबुरी होतात.

याहून वेगळी वाट म्हणजे प्रायोजकत्व. इथे माणूस आश्रय मागायला दारात येत नाही. परदेशातल्या छावणीतून किंवा शहरातून निर्वासित म्हणून निवडलेल्या कुटुंबाला सरकार आणतं आणि त्यांची जबाबदारी स्थानिक लोकांचा एक गट घेतो. याची सुरुवात कॅनडाने केली. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून लोक होड्यांनी किंवा जमिनीवरून बाहेर पडत होते, तेव्हा १९७९-८० मध्ये कॅनडाने सुमारे ६०,००० जणांना घेतलं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना खासगी गटांनी प्रायोजित केलं. पाच नागरिक एकत्र आले तरी गट होऊ शकायचा. वर्षभराचा खर्च, घर, शाळा, डॉक्टर सगळं त्यांनी बघायचं. १९८६ साली निर्वासितांसाठीचं नान्सेन पदक संपूर्ण कॅनडाच्या जनतेला मिळालं, ते याच कामासाठी.

ब्रिटनने २०१६ मध्ये तशीच योजना आणली. अटी कडक होत्या. नोंदणीकृत संस्था, काउन्सिलची संमती, दोन वर्षांसाठी घर, आणि सुरुवातीला एका कुटुंबामागे ९,००० पौंडांचा निधी. पण अनेक गट सांगतात की पैसे जमवणं सोपं गेलं, घर मिळवणं नाही. शिवाय मंडळींना एक गोष्ट हळूहळू शिकावी लागते : मदत कमी करत नेणं. पहिल्या महिन्यात सोबत बँकेत जाणारी बाई सहाव्या महिन्यातही सोबत जात असेल तर काहीतरी चुकतंय. कुटुंबाने कुठे पैसे खर्च करावे, मुलांना कुठल्या शाळेत घालावं, यावर प्रायोजकांनी मतं लादू नयेत, असं प्रशिक्षणात सांगतात. प्रत्यक्षात ते फार जड जातं, कारण पैसे देणाऱ्याला वाटतं की आपला शब्द चालावा.

ही वाट कायम उघडी असते असंही नाही. अर्जांचा ढीग साचला म्हणून कॅनडाने नोव्हेंबर २०२४ अखेरीस पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. अमेरिकेने २०२३ मध्ये ‘वेलकम कोर’ नावाने अशीच योजना सुरू केली आणि २०२५ च्या सुरुवातीला बंदही केली.

इथे एक खटकणारी गोष्ट सांगायलाच हवी. २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांसाठी ब्रिटिश सरकारने घरोघरच्या यजमानांना महिन्याला ३५० पौंड द्यायला सुरुवात केली. आलेल्यांना पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा होती, आणि लोकांनीही हजारोंनी घरं उघडली. उत्तम झालं. पण त्याच रस्त्यावरच्या हॉटेलात सुदानहून आलेला माणूस कामाच्या परवानगीशिवाय वर्षभर बसून होता. दोघंही युद्धातून आलेले. फरक एवढाच की एकाला यायला व्हिसाचा मार्ग होता, दुसऱ्याला नव्हता. सरकारने ज्याला पाहुणा म्हटलं त्याला लोकही पाहुणा म्हणतात, असं दिसतं.

आणि विरोध? तो आहेच. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला. हल्लेखोर होडीतून आलेला आश्रयार्थी असल्याची खोटी अफवा पसरली. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थींना ठेवलेल्या हॉटेलवर जमावाने हल्ला करून आग लावायचा प्रयत्न केला. ७ ऑगस्टला अनेक शहरांत हजारो लोक त्याविरोधात रस्त्यावर उतरले. दगड मारणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण ‘आमच्याच पोरांना घर मिळत नाही, डॉक्टरची वेळ मिळत नाही, आणि तुम्ही यांचं बघताय’ असं म्हणणारा प्रत्येक जण दगड मारणारा नसतो. पांगवण्याच्या धोरणाने माणसं पाठवली ती गरीब वस्त्यांत. डॉक्टर आणि घरं त्या प्रमाणात पाठवली नाहीत, त्यामुळे त्याची तक्रार खोटी म्हणता येत नाही. तिचा पत्ता तेवढा चुकलेला असतो.

ज्या गटांना हे उमगलंय ते आपलं दार फक्त निर्वासितांसाठी ठेवत नाहीत. धान्याचं कपाट, पत्रांचं टेबल, भत्त्याचे फॉर्म भरून देणं, हे गल्लीतल्या कुणालाही खुलं असतं. युनिव्हर्सल क्रेडिटच्या पाच आठवड्यांनी त्या गल्लीतला जन्मजात ब्रिटिश माणूसही तितकाच पिचलेला असतो, आणि डिपॉझिटची हमी त्यालाही हवी असते. एकाच बाकावर दोघं आपापला फॉर्म घेऊन बसले की निदान बोलणं सुरू होतं, आणि बहुतेक वेळा ते घरमालकाला शिव्या घालण्यापासून सुरू होतं.